न बोलणं म्हणजे ‘हो’ नव्हे

मंडळी, आज एका नियमाशी भांडायचं आहे. हा नियम तुमच्या-माझ्या प्रत्येक अनुदिनीला लागू आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो वाचलेला नाही, आणि आपल्याला विचारून तर तो कोणीच केलेला नाही. नियम असा: जालावरच्या पानात जे काही लिहिलं आहे ते सगळं भाषांतरासाठी खुलं आहे, लिहिणाऱ्याने ‘नको’ अशी खूण केली नसेल तर.

संगणकवाले याला ‘डीफॉल्ट’ म्हणतात. मी गृहीत नियम म्हणेन. आमच्या शाळेत सहलीचं पत्रक घरी जायचं तेव्हा तळाशी पालकांच्या सहीची जागा असे. सही आली नाही तर मूल सहलीला येत नसे. तिथे गृहीत उत्तर ‘नाही’ होतं, कारण गडावर मूल हरवलं तर निस्तरायचं कोणी, हा प्रश्न होता. जालावरचं पत्रक उलटं आहे. सही नाही ना आली? मग बसवा पोराला गाडीत.

थोडं आतलं सांगते, कारण त्याशिवाय भांडण कळायचं नाही. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. पानाचा मजकूर टॅगांच्या आत असतो. परिच्छेदाचा टॅग, मथळ्याचा टॅग, ठळक अक्षरांचा टॅग. टॅगाच्या पोटात आणखी बारीक नोंदी करता येतात, त्यांना ॲट्रिब्यूट म्हणतात. त्यातलीच एक नोंद ‘ट्रान्सलेट’. तिचं उत्तर ‘यस’ किंवा ‘नो’. नोंद केलेली नसेल तर बाहेरच्या टॅगाचं उत्तर आतल्याला लागतं. बाहेरचाही गप्प असेल तर त्याच्या बाहेरच्याचं. असं करत करत पार मूळ पुरुषापर्यंत जायचं, आणि मूळ पुरुषानेही तोंड उघडलेलं नसेल तर उत्तर ‘यस’. मौनं संमतिलक्षणम्.

हे करणारी माणसं अडाणी होती असं मी म्हणत नाही. उलट खूप विचार केलेला दिसतो. डब्ल्यू थ्री सी या संस्थेने एप्रिल २००७ मध्ये ‘इंटरनॅशनलायझेशन टॅग सेट’ नावाची शिफारस काढली. भाषांतर करावं की नाही, भाषांतरकारासाठी टीप, अमुक शब्द संज्ञा आहे हे सांगणं, मजकुराची भाषा, लिहिण्याची दिशा अशा सात प्रकारच्या खुणा तिच्यात होत्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिने एचटीएमएलची पानंही आपल्या कवेत घेतली. गंमत अशी, की एचटीएमएलची पाचवी आवृत्ती अधिकृत झाली ती ऑक्टोबर २०१४ मध्ये, म्हणजे एक वर्षानंतर. शेजारच्या घराच्या भिंती ओल्या असतानाच यांनी तिथे खुंट्या ठोकल्या. त्यातल्या काही अजून हलतात.

आता मुद्द्यावर येते. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. विशेषनाम आणि सामान्यनाम यांतला फरक फळ्यावर किती वेळा लिहिला असेल त्याचा हिशोब नाही. विशेषनामाचा अर्थ पाहायचा नसतो, ते नुसतं दाखवायचं असतं. गोरे आडनावाचा माणूस काळा असू शकतो आणि काळे गोरे असू शकतात, हा विनोद प्रत्येक वर्गात कोणीतरी करायचाच. तर भाषांतर करणाऱ्याने सर्वांत आधी ओळखायची गोष्ट ही, की हा शब्द अर्थ सांगतोय की कोणाकडे तरी बोट दाखवतोय. इंग्रजीत नावाचं पहिलं अक्षर मोठं असतं. डोळ्यांना निदान एक खूण मिळते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीतच. ‘पाली’ म्हटलं की आपल्याला बल्लाळेश्वर आठवतो, पण भिंतीवर दोन दिसल्या तर त्याही पालीच. किरण, माया, विजय, ज्योती, प्रकाश, संध्या, आमच्या वर्गाच्या हजेरीपुस्तकाचं अर्थानुसार भाषांतर केलं तर निसर्गवर्णनावरचा निबंध तयार होईल.

पण आपल्या भाषेने काहीच सोय केलेली नाही, असं नाही हं. सोय आहे, आणि फार सुंदर आहे, ती अक्षरात नसून व्याकरणात आहे. ‘आशेला जागा नाही’ म्हटलं की ती मनातली आशा. ‘आशाला जागा नाही’ म्हटलं की आशा नावाची बाई बसमध्ये उभी आहे. सामान्यनामाचं सामान्यरूप होतं, आजच्या बोलण्यातल्या विशेषनामाचं होत नाही. ‘प्रकाशाने डोळे दिपले’ आणि ‘प्रकाशने डोळे मिटले’. पुराणातल्या सीतेला आपण ‘सीतेला’ म्हणतो, शेजारच्या सीताला ‘सीताला’. गंगा नदी असेल तर ‘गंगेला’, गंगा नावाची मुलगी असेल तर ‘गंगाला’. (‘विजयाला’ मात्र घोटाळ्याचं आहे. तो विजय मिळवलेला असेल, किंवा विजया नावाची मुलगी असेल. जुन्या वळणाचं बोलणाऱ्या घरात विजय नावाचा मुलगाही असेल. परीक्षेत हे उदाहरण मी कधी घातलं नाही.) म्हणजे प्रत्यय लागला की नाव ओळखता येतं. प्रथमेत, नुसतं ‘आशा’ असताना, काहीच खूण नाही. तिथे संदर्भ लागतो. आणि संदर्भ कधी मागच्या परिच्छेदात असतो, तर कधी घरातल्या माणसांच्या डोक्यात.

आता हे सगळं माझ्या घरात कसं घुसलं ते सांगते. आशा माझी धाकटी बहीण. १९९४ मध्ये मिरजेला गेली. तिच्यावर मी या अनुदिनीत एक लेख लिहिला होता, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. शीर्षक नुसतं ‘आशा’. पहिलं वाक्य, ‘आशा गेली त्या दिवशी पाऊस होता.’ तिचा नातू कॅनडात जन्मला आणि तिथेच वाढला. मराठी बोललेलं त्याला जेमतेम कळतं, वाचता अजिबात येत नाही. घरात तिला सगळे ‘अक्का’ म्हणत, त्यामुळे त्याच्याही तोंडी ‘अक्काआजी’. मागच्या वर्षी त्याने माझे लेख न्याहाळकातल्या भाषांतराने इंग्रजीत वाचायला घेतले. मला कौतुक वाटलं. आठ दिवसांनी त्याचं पत्र आलं. माई आजी, तुम्ही एवढ्या निराश का झाला होता? त्या पावसात नेमकं काय झालं होतं? त्याने मला त्याच्या पडद्यावरचं पान पाठवलं. सबंध लेखभर माझी आशा सुटत होती, परतत होती, शिवणयंत्रावर बसत होती, दवाखान्यात होती, आणि शेवटी संपत होती. इंग्रजी झकास होतं. मुलाला वाटलं म्हातारी काव्यात्म लिहिते.

स्वतःच्या आजीवरचा लेख त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि तो कोणावर आहे ते त्याला कळलं नाही.

यात दोष कोणाचा, हे मी पुतण्याला विचारलं. तो पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. तो म्हणाला, ‘काकू, तू खूण केली नव्हतीस ना. स्पेसिफिकेशनप्रमाणे बरोबर झालंय.’ स्पेसिफिकेशनप्रमाणे! कोर्टात असे वकील असतात.

मग मी खूण करायचं ठरवलं. लेखाच्या मागची एचटीएमएल उघडली, ‘आशा’ शब्दाभोवती स्पॅन नावाचा टॅग घातला, त्यात ‘ट्रान्सलेट’ला ‘नो’ लिहिलं. पहिल्याच वाक्यात काम झालं, म्हणजे होप गायब झाली. तिच्या जागी काय आलं? देवनागरीतलं ‘आशा’. सगळ्या इंग्रजी वाक्यात मधोमध दोन मराठी अक्षरं. ज्याच्यासाठी खटाटोप केला त्या पोराला ती वाचताच येत नाहीत. कारण नियमाच्या दृष्टीने ‘नो’ याचा अर्थ ‘हात लावू नका’. पण नावाच्या बाबतीत मला ‘हात लावू नका’ म्हणायचंच नाही. मला म्हणायचं आहे, ‘अर्थ लावू नका, उच्चार तेवढा त्याच्या लिपीत न्या.’ भाषांतर नको, लिप्यंतर हवं. हे तिसरं उत्तर नियमात नाही. ‘यस’ म्हटलं तर आशा होप होते, ‘नो’ म्हटलं तर ती मुकी होते. इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जाताना हा प्रश्न येत नाही, दोघांची लिपी एकच. नियम करताना कोणती माणसं टेबलाभोवती बसली होती मला माहीत नाही, पण नियमाकडे पाहून कोणत्या लिपीचा विचार आधी झाला ते समजतं.

दुसरी अडचण याहून वाईट. ‘आशाला’ या शब्दात खूण कुठे संपवायची? आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘टू आशा’ असे दोन सुटे शब्द असते तर प्रश्न नव्हता. ‘आशाला’ सबंध खुणेत घेतलं तर प्रत्ययही गोठतो, आणि वाक्यात कोणी कोणाला काय दिलं हेच इंग्रजीत उमटत नाही. फक्त ‘आशा’ एवढंच खुणेत घेतलं तर बाहेर ‘ला’ एकटा लोंबकळतो. त्या ‘ला’चं यंत्राने काय करायचं? तो मूळ शब्दाचा भाग आहे की सुटा शब्द? टॅगाने शब्द तोडला, की टॅग शब्दाच्या आतच आहे? टॅग सेटमध्ये यासाठीही एक प्रकार आहे, ‘एलिमेंट्स विदिन टेक्स्ट’ नावाचा. टॅगातला मजकूर आजूबाजूच्या वाक्याचा भाग समजायचा की वेगळा, हे त्याने ठरतं. त्याचं मूळचं गृहीत उत्तर होतं ‘नाही’, म्हणजे प्रत्येक टॅग वेगळा. एचटीएमएलसाठी दुसऱ्या आवृत्तीने स्पॅनसारख्या ओळीतल्या टॅगांना ‘होय’ केलं. ठीक. पण हे झालं वाक्याचं. एका शब्दाच्या पोटातून टॅगाची सीमा गेली तर काय, यावर नियम गप्प आहे. ज्या भाषेत विभक्ती शब्दाला चिकटते त्या भाषेत हे रोज, प्रत्येक वाक्यात घडणार. मराठीत घडणार, कन्नडात, तमिळमध्ये घडणार, तुर्की आणि फिनिशमध्येही घडणार.

आता त्या हलणाऱ्या खुंट्या. टॅगाच्या आतला मजकूर गृहीत ‘यस’, हे सांगितलं. पण टॅगाच्या पोटातल्या नोंदींमध्येही माणसांनी वाचायचा मजकूर असतो. चित्राचं वर्णन ‘आल्ट’ नावाच्या नोंदीत लिहितात. चित्र उघडलं नाही तर ते दिसतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवलं जातं. त्याचं भाषांतर करायचं का? २००७ च्या टॅग सेटचं सरसकट उत्तर आहे, नाही. तिथे टॅगाचा मजकूर ‘यस’ आणि नोंदींचा मजकूर ‘नो’. एचटीएमएलचं उत्तर आहे, काही नोंदींचं होय. त्यांची यादी दिली आहे: आल्ट, टायटल, प्लेसहोल्डर वगैरे. या नोंदी आपल्या टॅगाचं ऐकतात. टॅग ‘यस’ तर त्याही ‘यस’. म्हणजे एकच वाक्य, एकाच फोटोखालचं, एक्सएमएलच्या कागदपत्रात असलं तर जसंच्या तसं राहणार आणि अनुदिनीवर असलं तर भाषांतरित होणार. दुसऱ्या आवृत्तीने एचटीएमएलपुरता एचटीएमएलचा नियम मानला, पण एकाच मजकुराच्या दोन प्रती ठेवणाऱ्याने काय समजायचं?

आणि त्या यादीतली एक गंमत ऐकाच. पानाविषयीची माहिती ‘मेटा’ टॅगात असते. तिचं भाषांतर केव्हा करायचं? तर त्या माहितीचा प्रकार भाषांतर करण्याजोगा म्हणून ज्ञात असेल तेव्हा. कोणाला ज्ञात? मला? यंत्राला? पुतण्याला? मी मुलांच्या उत्तरपत्रिकेत असं कर्त्यावाचून लटकणारं वाक्य आलं की लाल शाईने प्रश्नचिन्ह काढत असे. अर्जातल्या बटणांचंही असंच. साधं बटण आणि ‘सगळं पुसा’चं बटण यांच्यावरची अक्षरं यादीत आहेत. ‘पाठवा’चं बटण त्याच पद्धतीने केलं तर त्यावरची अक्षरं यादीत नाहीत. याला कारण आहे. ती अक्षरं अर्जाबरोबर पलीकडच्या संगणकाकडे जाऊ शकतात, बदलली तर तिकडे घोटाळा होईल. कारण पटतं. पण परिणाम असा की नियम तंतोतंत पाळला तर परक्या वाचकाला ‘पुसा’ वाचता येईल आणि ‘पाठवा’ वाचता येणार नाही.

बरं, आशाच्या फोटोचं वर्णन भाषांतरित व्हावं पण त्यातलं तिचं नाव तेवढं तसंच राहावं, असं मला हवं असेल तर? जमत नाही. नोंदीच्या आत आणखी नोंद करता येत नाही. परिच्छेदात मी एका शब्दाला स्पॅन घालू शकते, आल्टमधल्या शब्दाला घालू शकत नाही. सबंध वर्णन ‘यस’ नाही तर सबंध ‘नो’. टॅग सेटमध्ये वेगळी नियमांची फाईल करून लांबून हुकूम सोडता येतो, पण तोही सबंध नोंदीलाच. शिवाय ती फाईल लिहायची तर एक आणखी भाषा शिकावी लागते. मी बरहावर देवनागरी टंकायला साठीच्या उंबरठ्यावर शिकले. आणखी किती शिकवाल?

उत्तर लिहायची पद्धत तर बघा. त्याच एचटीएमएलमध्ये शुद्धलेखन तपासायचं की नाही याचं उत्तर ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असं द्यायचं. वस्तू ओढता येते की नाही याचंही ‘ट्रू’-‘फॉल्स’. रकाना आपोआप भरायचा की नाही याला ‘ऑन’-‘ऑफ’. आणि भाषांतराला ‘यस’-‘नो’. तीन सख्ख्या जावा, तिघींच्या तीन तऱ्हा. आता एखाद्याने सवयीने ‘ट्रान्सलेट’ला ‘फॉल्स’ लिहिलं तर? कोणी ओरडत नाही. चुकीचं उत्तर म्हणजे उत्तरच नाही असं धरतात, आणि वाडवडिलांकडून आलेलं ‘यस’ लागू होतं. नुसतं ‘ट्रान्सलेट’ एवढंच लिहून पुढे काही लिहिलं नाही तर? तेही ‘यस’. म्हणजे रिकामं सोडलं तर होय, चुकलं तर बहुतेक होय, काहीच केलं नाही तर होय. ‘नाही’ म्हणायला मात्र एकच चिंचोळी फट. याशिवाय गूगलच्या भाषांतरासाठी ‘नोट्रान्सलेट’ नावाचा एक क्लास लावायची वेगळी रीत आहे, ती निराळीच.

पुतण्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, नाहीतर तो म्हणेल काकू एकतर्फी लिहिते. तो म्हणतो, गृहीत उत्तर ‘नो’ ठेवलं असतं तर जालावरचं काहीच भाषांतरित झालं नसतं, कारण खुणा कोणीच करत नाही. मग तुझा नातू तुझे बाकीचे लेखही वाचू शकला नसता. हे खरं आहे. त्याने माझे लोणच्यावरचे आणि एसटीच्या प्रवासावरचे लेख वाचले आणि त्याला ते कळले, हा आनंद मी नाकारत नाही. सबंध मजकुराला ‘नो’ गृहीत धरा, असं माझं म्हणणंच नाही. पण परवानगी गृहीत धरायची असेल तर नकाराची वाट मोठी पाहिजे. सहलीच्या पत्रकात सहीशिवाय मूल नेणार असाल, तर ‘आमचं मूल नेऊ नका’ हा रकाना पहिल्या पानावर ठळक छापा, पत्रकाच्या मागे बारीक टायपात नको.

दुसरं तो म्हणतो, आता यंत्रं शहाणी झाली आहेत, नावं आपोआप ओळखतात. गूगलच्या भाषांतरात मराठी आली २०१३ मध्ये, आणि २०१७ मध्ये न्यूरल पद्धत आल्यावर खरंच फरक पडला, हे मलाही दिसतं. पण या शहाणपणाचीच मला भीती वाटते. पूर्वीचं भाषांतर मोडकं असे. वाचणारा लगेच ओळखायचा की इथे काहीतरी बिघडलं, आणि विचारायचा. आता वाक्य इतकं गुळगुळीत येतं की शंकाच येत नाही. शंभर वेळा नाव बरोबर ओळखलं आणि एकदा चुकलं, तर ते एकदा कोणतं हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आणि नेमकी जिथे संदर्भ घरातल्या माणसांच्या डोक्यात असतो तिथेच ते चुकणार. यंत्राने अंदाज करावा, हरकत नाही. पण मला माहीत असलेली गोष्ट मी सांगू शकत असताना त्याने अंदाज का करावा?

नावांपुरतंच हे नाही. मी व्याकरणावर लिहिते तेव्हा वाक्यात शब्द उदाहरण म्हणून येतो. या लेखातच पाहा, ‘आशेला’ आणि ‘आशाला’ यांतला फरक सांगणारा परिच्छेद ‘यस’खाली गेला की त्याचं काय उरेल? दोन्हीकडे कदाचित होपच येईल आणि मी एकाच गोष्टीचा एकाच गोष्टीशी फरक सांगत बसेन. संगणकवाल्यांनी आपल्या आज्ञा लिहायला ‘कोड’ नावाचा वेगळा टॅग ठेवला आहे, पण त्याचंही गृहीत उत्तर ‘नो’ नाही, बाकीच्यांसारखंच ‘यस’ आहे. म्हणजे स्वतःच्या लेकरांनाही त्यांनी वेगळी पंगत दिलेली नाही, हे एक समाधान. पुस्तकांच्या नावांसाठी ‘साइट’ टॅग आहे, तिथेही तेच. ‘श्यामची आई’ इंग्रजीत कसं लिहायचं? अर्थ द्यायचा की उच्चार? दोन्ही द्यायचे, पहिल्यांदा उच्चार आणि सोबत अर्थ, असं आम्ही मुलांना शिकवायचो. ‘यस’ आणि ‘नो’मध्ये ते बसत नाही. टॅग सेटमध्ये भाषांतरकारासाठी टीप ठेवायची सोय आहे खरी. पण टीप वाचायला भाषांतरकार नावाचा माणूस लागतो.

आणि नाती! मामी, मावशी, आत्या, काकू, सगळ्यांची इंग्रजीत एक आंट. आमच्या घरातल्या चार बायका एका शब्दात कोंबल्या, की कोणी कोणाच्या लग्नात कानपिळी केली तेच कळेनासं होतं.

मला काय हवं ते स्पष्ट सांगते. ‘ट्रान्सलेट’ला तिसरं उत्तर हवं: अर्थ नको, उच्चार न्या. शब्दाच्या पोटातून जाणाऱ्या टॅगाचं काय करायचं ते नियमात लिहायला हवं, आणि ते लिहिताना टेबलाशी चिकट्या प्रत्ययांच्या भाषेतलं कोणीतरी हवं. नुसतं ‘ट्रान्सलेट’ लिहून पुढे रिकामं सोडणाऱ्याला निदान एक इशारा मिळावा. पण सगळ्यांत आधी, अनुदिनीच्या लेखनखिडकीत एक बटण हवं. ठळक करायला बटण आहे, तिरकं करायला आहे, दुवा द्यायला आहे, हसरे चेहरे टाकायला आहे. ‘हे नाव आहे’ म्हणायला नाही. त्यासाठी मागच्या दाराने एचटीएमएलच्या अडगळीत शिरावं लागतं. किती म्हातारी माणसं शिरतील? आणि जालावर मराठीत घरच्या आठवणी लिहितंय कोण? बहुतेक आम्हीच. ज्यांच्या मजकुरात नावं सगळ्यांत जास्त आणि हातात हत्यारं सगळ्यांत कमी, त्यांच्याच गळ्यात हा नियम पडला आहे.

तोवर ज्यांना जमेल त्यांनी एवढं करा. पान मराठीत आहे हे ‘लँग’ या नोंदीत सांगा. तिचं उत्तर ‘एमआर’. ते नसेल तर यंत्राला भाषाही अंदाजाने ठरवावी लागते, आणि देवनागरी पाहून ते हिंदीकडे गेलं तर बोलू नका. घरातल्या माणसांची नावं पहिल्यांदा येतील तिथे कंसात रोमी अक्षरांत लिहा. आपल्याला ते विचित्र दिसतं, पण परदेशातल्या नातवंडांना धागा मिळतो. माझ्या एका मैत्रिणीने सुचवलं की नावाला प्रत्ययच लागणार नाहीत अशी वाक्यं लिहावीत, म्हणजे खूण नीट बसेल. ते मी करणार नाही. ‘मी आशाला साद घातली’ या वाक्यातला ‘ला’ मी कोणत्याही यंत्राच्या सोयीसाठी काढून ठेवणार नाही.

आशाचा लेख आता दुरुस्त करते आहे. नाव एकूण एक्केचाळीस वेळा आलं आहे. चौदा ठिकाणी ते नुसतं आहे, तिथे खुणा करून झाल्या, आणि पहिल्या जागी कंसात रोमी अक्षरंही घातली. नातवाने ते पान पुन्हा वाचलं आणि या वेळी पत्र न लिहिता फोन केला. उरलेल्या सत्तावीस जागी प्रत्यय आहेत. खूण प्रत्ययाच्या अलीकडे संपवू की पलीकडे, हे पुतण्याला दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला बघून सांगतो. दुसऱ्यांदा म्हणाला, ‘काकू, तसं लिहिलेलं नाही कुठे.’